कोरडा दिवस कुणी पाळायचा?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शहरात एका सभागृहात 'साथरोग व जैविक आपत्ती पूर्वतयारी' असं लांबलचक नाव असलेलं एक दिवसाचं शिबिर झालं. वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना बोलावणं होतं, म्हणून मी गेले. माझ्याबरोबर आमच्या वस्तीतल्या दोन आशाताई होत्या. सकाळभर पडद्यावर अँथ्रॅक्स, देवी, प्लेग यांची चित्रं. शत्रूनं जंतू सोडले तर काय करायचं, कोणता कक्ष कुणाला कळवणार, डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख कसा चढवायचा आणि कसा उतरवायचा. सांगणारे साहेब मनापासून सांगत होते, टिंगल करावी असं त्यात काही नव्हतं. जेवणानंतर प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा आमच्या आशाताई उठल्या. त्या म्हणाल्या, "सर, ताप आलेल्या घरात पहिल्यांदा मीच जाणार. मागचे हातमोजे संपले, ते परत कधी मिळणार?"

उत्तर आलं, "तो आजचा विषय नाही, ताई."

त्या गुपचूप खाली बसल्या. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मग आजचा विषय काय होता हो?" हा लेख मी त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

हा विषय अंकासाठी घेऊ या असं मी बैठकीत म्हटलं तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीनं विचारलं, "बायकांच्या संघटनेचा आणि जैविक दहशतवादाचा काय संबंध? तो लष्कराचा आणि पोलिसांचा प्रश्न. आपण त्यात शिरलो की घराघराच्या याद्या करायच्या कामाला आपल्यालाच जुंपतील." ही भीती खोटी नाही, तिच्याकडे मी पुढे येते. पण आपल्या चळवळीत आरोग्य म्हटलं की आपण गर्भाशयापाशी थांबतो, हेही खरं आहे. घातक गर्भनिरोधकांविरुद्ध आपण लढलो. गर्भजल परीक्षेविरुद्ध लढलो आणि १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात करून घेतला. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हे २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. हे सगळं हवंच होतं. पण ताप, हगवण, गोवर, डेंग्यू यांना आपण 'सर्वसाधारण' आरोग्य समजून दुसऱ्यांवर सोपवलं. त्या आजारात बाईचं काय होतं, हे विचारायला मग कुणी उरलंच नाही.

आधी त्या शत्रूच्या जंतूंचंच घेऊ. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅलेस नावाचं छोटं गाव आहे. १९८४ मध्ये तिथल्या दहा हॉटेलांत जेवलेली ७५१ माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून तिकडे गेलेल्या रजनीश पंथाच्या काही लोकांनी स्थानिक निवडणुकीत मतदार घरी बसावेत म्हणून सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळले होते. हे उघड व्हायला वर्ष गेलं, तेही पंथात फूट पडली म्हणून. तोवर आरोग्य खात्याचा प्राथमिक निष्कर्ष काय होता? हॉटेलात अन्न हाताळणाऱ्या नोकरांची अस्वच्छता! खरोखरचा हल्ला झालेला असतानाही पहिलं बोट स्वयंपाकघरात राबणाऱ्यांकडे गेलं.

पुढे २००१ मध्ये त्याच देशात पाकिटांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. पाच माणसं मेली. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या कार्यालयातल्या लोकांची ताबडतोब तपासणी झाली, औषधं सुरू झाली. ती पाकिटं ज्या टपाल केंद्रातून गेली तिथले कामगार, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, कामावरच राहिले. त्यांच्यातले दोघे गेले. एवढ्या श्रीमंत देशात, एवढी यंत्रं असताना, पाकीट उघडणाऱ्या साहेबाचा विचार झाला आणि ते वाहून नेणाऱ्याचा राहिला.

हे मी सांगते ते परदेशाला नावं ठेवायला नाही. मुद्दा असा की जंतू शत्रूनं सोडला काय किंवा गटारातून आला काय, पहिल्या चार-सहा दिवसांचं काम अगदी एकच असतं. नेहमीपेक्षा जास्त माणसं आजारी आहेत हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, ते त्यानं वर कळवायला हवं, आणि वरच्यानं ते ऐकायला हवं. आपल्याकडे यासाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. लक्षणांवरून संशय आला की आरोग्यसेविकेनं कळवायचं, तपासून डॉक्टरनं कळवायचं, नमुना तपासून प्रयोगशाळेनं कळवायचं, अशी तीन पायऱ्यांची रचना. पूर्वी आठवड्याला कागद जायचे, आता मोबाईल आणि संगणकावर भरतात. कागदावर चांगलीच आहे.

पण या रचनेत बाईचा ताप कधी दिसतो? आमच्या वस्तीत मुलाला ताप आला की त्याच दिवशी गल्लीतल्या डॉक्टरकडे नेतात. नवऱ्याला आला तर दुसऱ्या दिवशी, कारण मजुरी बुडते. बाईला आला तर ती मेडिकलमधून दोन गोळ्या आणते, डोक्याला फडकं बांधते आणि भांडी घासते. चौथ्या-पाचव्या दिवशी उभं राहवत नाही तेव्हा 'घाटी' गाठली जाते. नोंद होते ती तेव्हा. म्हणजे साथ आली हे ज्या माणसाच्या शरीरावरून आधी कळू शकलं असतं, त्याचीच नोंद सगळ्यात उशिरा. निम्म्या माणसांचा ताप पहिले चार दिवस मोजलाच जात नसेल तर ती सज्जता कसली?

ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९९४ साली आमच्या बीड जिल्ह्यात प्लेग आला. तेव्हा मी अगदी तान्ही; आईकडून ऐकलेलं सांगते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतर मराठवाड्यात अनेक गावांतली माणसं घरं सोडून बाहेर राहिली, धान्य घरांत राहिलं, उंदीर वाढले. मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले आणि सप्टेंबरमध्ये गाठी आलेले रुग्ण दिसले. देशात जवळजवळ तीन दशकं प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. प्लेग गेला अशीच सगळ्यांची समजूत होती. त्याच महिन्यात सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग आला, लाखो माणसं शहर सोडून पळाली आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून नाहीशा झाल्या. आई सांगते, बसस्टँडवर सगळे नाकाला रुमाल बांधून, कुणी कुणाच्या शेजारी बसेना. आणि ती हेही सांगते की मेलेला उंदीर पहिल्यांदा दिसतो तो पहाटे अंगण झाडणाऱ्या बाईला. ती तो सुपलीत घेऊन उकिरड्यावर टाकते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की हे कुणाला तरी कळवायचं असतं. कळवलं तरी 'उंदीर मेला म्हणून काय आलीस?' हे ऐकून घ्यायची तयारी हवी.

आता डेंग्यू. याच्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आमच्या शहराचा खरा जैविक हल्ला दर पावसाळ्यात निळ्या ड्रममधून होतो.

कागदावर आता आमचं शहर छत्रपती संभाजीनगर. रिक्षावाल्याच्या तोंडी अजून औरंगाबादही आहे. नाव कोणतंही घ्या, पाण्याचं दुखणं जुनंच. पैठणला नाथसागराएवढं धरण आहे. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं नहरी बांधून इथे पाणी आणलं होतं, अशाच एका नहरीवर चालणारी पाणचक्की बघायला सहली येतात. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच शहरानं पाचव्या, सातव्या, आठव्या दिवशी येणारं नळाचं पाणी पाहिलं. मे २०२२ मध्ये पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला, रिकामे हंडे घेऊन बाया पुढे होत्या. मोर्चात बायांना पुढे ठेवायला सगळ्याच पक्षांना आवडतं.

आठ दिवसांचं पाणी साठवायचं म्हणजे घरात दोन-तीन ड्रम, एक टाकी, हंडे, कळशा, बादल्या आणि वेळ आली तर कुकरचं भांडंसुद्धा. डेंग्यूचा एडिस डास घाण गटारात वाढत नाही. त्याला असंच साठवलेलं, स्वच्छ, न हललेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून सरकारी सूचना असते की आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळा: सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. शास्त्राच्या दृष्टीनं सूचना अगदी बरोबर आहे. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाण्याविना महिनोन्‌महिने तग धरतात, घासावंच लागतं.

ही सूचना घेऊन मी एका गल्लीत बैठक घेतली. नकाशे, चित्रं, बाटलीत अळ्या, सगळी तयारी. अर्धा तास ऐकून घेतल्यावर एक आपा म्हणाल्या, "बाजी, पानी आठ दिन कू आता. सातवें दिन ड्रम सुखाई तो आठवें दिन तक बच्चों को क्या पिलाऊँ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना 'वर्तनबदल' नावाचा मोठा भाग आम्हाला शिकवला होता. कुणाचं वर्तन बदलायचं, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. नळाचं वर्तन बदलायचं असं एकाही पुस्तकात नव्हतं.

आणि पाणी येतं तेही कधी? पहाटे तीनला, नाहीतर रात्री अकराला. जागणार कोण, भरणार कोण, ड्रम घासणार कोण, हे इथल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको. मग पावसाळ्यात तपासणीचं पथक येतं. घरात दिवसा असते बाई. तिच्यासमोर ड्रममध्ये बॅटरी मारतात, अळ्या दिसल्या की नोटिशीची भाषा होते. डासमारीचं औषध टाकतात. ते औषध पिण्याच्या पाण्यात किती चालतं, किती दिवस टिकतं हे नीट सांगत नाहीत, म्हणून पाठ फिरली की बाया वास येतो म्हणून ते पाणी ओतून देतात. ओतलेलं पाणी म्हणजे दोन दिवसांचा तुटवडा. घरी मूल डेंग्यूनं आजारी पडलं की सासू म्हणते, 'ड्रम झाकला नव्हतास.' नोटीस घरातली आणि बाहेरची, दोन्ही तिलाच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या शहराच्या साथरोग आराखड्याचं पहिलं पान पाण्याच्या वेळापत्रकाचं असायला हवं. जिथे पाणी सात दिवसांपेक्षा उशिरा येतं तिथे कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायचा अधिकारच कुणाला नाही. तोवर करण्यासारखं काहीच नाही असं नाही. ड्रमला घट्ट बसणारं झाकण किंवा दोरीनं ताणून बांधलेलं सुती कापड, आणि पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी तळाशी राहिलेल्या तांब्याभर पाण्यानं आतली कड घासणं. त्या आपांच्या गल्लीत आम्ही हेच ठरवलं. पण झाकणं घ्यायला पैसे लागतात आणि घासायला आणखी एक तास लागतो, तो तास घरातल्या पुरुषानं द्यावा असं मी म्हटलं तेव्हा सगळ्या हसल्या. दोन घरांत मात्र मुलगे आता ड्रम घासतात.

याद्यांची भीती म्हणाले होते. साथीचा कायदा आपल्याकडे १८९७ चा, पुण्या-मुंबईच्या प्लेगमध्ये केलेला. चार-पाच कलमांचा तो कायदा. तपासण्याचा, अडवण्याचा, वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला देतो. सरकारनं लोकांना काय द्यायचं यावर मात्र गप्प आहे. पुण्यात तेव्हा गोरे सोजीर घरांत घुसले, बायांची तपासणी चारचौघांत झाली, तो संताप इतिहासात आहे. त्याच साथीत सावित्रीबाई यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. ३ जानेवारीला आपण त्यांची शाळा आठवतो. त्यांचा मृत्यू साथीत राबणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीचा होता हे आपल्या भाषणांत क्वचितच येतं. २०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली. चांगलं झालं. पण हातमोज्यांचं कलम त्यातही नाही.

यादीचा धोका याच शहरानं पाहिला. मार्च २०२० नंतर तबलिगींच्या नावानं एका अख्ख्या समाजाकडे रोगाचा वाहक म्हणून बघितलं गेलं. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीत सोडायचं की नाही ठरत होतं. परदेशी तबलिगींवर अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले आणि साथीत बळीचा बकरा शोधला जातो हे स्पष्ट नोंदवलं. निकाल आला, पण तोवर कित्येक मुस्लिम बाया ताप असून तपासणीला आल्या नव्हत्या. नाव नोंदवलं की उद्या पत्र्याचं कुंपण, परवा वर्तमानपत्रात मोहल्ल्याचं नाव. तपासणी टाळली म्हणून त्यांना अडाणी म्हणणं सोपं होतं. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरायला कारण होतं. उद्या खरंच जैविक हल्ल्याची नुसती अफवा उठली तर पहिला संशय कुठल्या गल्लीवर जाईल हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणूनच आपण बाहेर राहून चालणार नाही. यादी कुणाकडे राहील, किती दिवस राहील, कोण बघू शकेल, हे आराखड्यात लिहून घ्यायला आपणच हवं.

विलगीकरणाबद्दल थोडंच लिहिते, कारण आठवलं की अजून राग येतो. २०२० मध्ये एका केंद्रात आमच्या वस्तीतली सात महिन्यांची गरोदर बाई चौदा दिवस होती. संडासाला आतून कडी नव्हती. रात्री ती शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईला उठवून बाहेर उभी करायची. पाळीच्या कापडाचं विचारलं तर तरुण मुलगा लाजून निघून गेला. देशाच्या पातळीवरही वेगळं नव्हतं: २४ मार्च २०२० च्या टाळेबंदीच्या आदेशात सॅनिटरी पॅड आवश्यक वस्तूंत स्पष्ट नव्हते, पाच दिवसांनी खुलासा करावा लागला. पिवळ्या पोशाखाची तालीम करताना कडीची तालीम कुणी करत नाही.

आणि आशा. महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या घरात आहेत. जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला, आमच्या आशाताईंनी त्या बातमीचं कात्रण घरात लावलं आहे. सरकारी कागदावर त्या अजून 'स्वयंसेविका'च. मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. साथीत मेली तर कर्मचारी म्हणून मेली असं म्हणता येत नाही. ज्या शहराच्या सगळ्या पूर्वतयारीचा पहिला पहारेकरी स्वयंसेविका आहे, त्या शहरानं दहशतवादाची चिंता आधी करावी की तिच्या नेमणुकीची?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ जण गेले, त्यांत १२ नवजात बाळं. तिथे कुणी जंतू सोडला नव्हता. टाळेबंदीत मुलांच्या लसी चुकल्या आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवर आला. तिथेही शत्रू कुणी नव्हता. माझ्या त्या ज्येष्ठ मैत्रिणीला मी हेच सांगितलं की आपण बंदुकीच्या भाषेत बोलायचं नाही, पण 'सज्जता' हा शब्द त्यांच्याकडे सोडायचाही नाही. त्या शब्दाच्या नावानं पैसा येतो. तो पोशाखांत आणि यंत्रांत सगळा जायचा की थोडा झाकणांत, कड्यांत, हातमोज्यांत आणि आशाच्या पगारात यायचा, यावर भांडण आहे. ती म्हणाली, "तू भांड, मी बघते." पुढच्या बैठकीला मात्र आली.

आमच्या चार गल्ल्यांत या जूनपासून एक साधी वही सुरू केली आहे. घराचं नाव लिहायचं नाही. गल्लीत या आठवड्यात किती बायांना, किती मुलांना, किती पुरुषांना ताप आला. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आलं. मेलेले उंदीर किंवा कावळे दिसले का. एवढंच. वही चार बाया आळीपाळीनं लिहितात, दोघी लिहिता न येणाऱ्या, त्या रेघा ओढतात. दर सोमवारी आशाताई ते आकडे आरोग्य केंद्रात देतात आणि दिल्याची सही घेतात. पहिल्या दोन सोमवारी सही मिळाली नाही, तिसऱ्या सोमवारी आम्ही नऊजणी गेलो, तेव्हा मिळाली. तुमच्या गावात, वस्तीत पाणी किती दिवसांनी येतं आणि कोरडा दिवस कोणता सांगितला आहे, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पावसाळा संपायच्या आत मराठवाड्याचा तक्ता एकत्र करून आरोग्य विभागाकडे न्यायचा आहे. आशाताईंचे हातमोजे अजून आलेले नाहीत.